मागचा डावा शॉक तीनदा भरला, तरी गळतोच आहे

कच्चारस्ता
नमस्कार मंडळी. रिमोटवर पळणाऱ्या एक-दशांश मापाच्या बग्गीचं किट पहिल्यांदाच स्वतः जोडलं. गिअरबॉक्स, डिफ (डिफरन्शिअल), स्टिअरिंग सगळं सुरळीत बसलं, पण शॉकनी (दणके झेलणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरनी) जीव काढलाय.

चारही शॉक पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ३० वेटचं (वेट म्हणजे तेलाच्या जाडपणाचा आकडा) सिलिकॉन तेल घालून भरले. ब्लॅडरवाले आहेत, म्हणजे कॅपखाली लवचिक रबरी पडदा, कॅपला छिद्र नाही. पुढचे दोन छान झाले, मागचा उजवाही ठीक. मागचा डावा मात्र तीनदा उघडला आणि तीनदा भरला. पहिल्यांदा पाच-सहा फेऱ्यांतच आतून पचपच आवाज यायला लागला, म्हणजे हवा असणार, म्हणून पुन्हा भरला. तरी तेच. तिसऱ्यांदा अगदी काठोकाठ भरून कॅप लावली. आता आवाज नाही, पण शाफ्ट (शॉकमधून खाली येणारा दांडा) दाबून सोडला की आपोआप शेवटपर्यंत बाहेर येतो आणि आत ढकलताना शेवटचे ३-४ मिमी जायला जोर लागतो. दहा मिनिटं गाडी पळवली की खालची बाजू तेलाने ओली आणि तिच्यावर धुळीचा थर.

शिवाय उडीवरून उतरताना गाडीचा मागचा भाग तिरका होतो, दर वेळी एकाच बाजूला. तेल जाड करावं का? ४० वेट आणून ठेवलंय.

उतारू
मी तर ४० टाकून बघितलं असतं. जाड तेल कमी पाझरतं.

तेलकट हात
उतारू, असहमत. जाड तेल पाझरायला वेळ जास्त घेईल, गळायचं कारण तिथेच राहील. आणि एकाच शॉकमध्ये ४० घातलं तर डावी-उजवी बाजू वेगवेगळी वागणार ते वेगळंच.

कच्चारस्ता, शेवटचे ३-४ मिमी जायला जोर लागतो असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मेख आहे. शॉकमध्ये तेल गरजेपेक्षा जास्त आहे.

शाफ्ट आत जातो म्हणजे धातूचा तेवढा दांडा तेलाच्या जागेत घुसतो. शाफ्ट ३ मिमी जाडीचा धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस मिमी. २८ मिमी आत गेला की जवळपास २०० घन मिमी, म्हणजे ०.२ मिली जागा त्याने व्यापली. तेल दाबून लहान होत नाही. ही ०.२ मिली जागा ब्लॅडरनेच मागे सरकून द्यायची असते. काठोकाठ भरून वर ब्लॅडर दाबून बसवलात तर तो आधीच मागे रेटला गेलेला असतो, आणखी सरकायला त्याला जागाच उरत नाही. मग शाफ्ट आत जाताना दाब वाढत जातो आणि तेल सगळ्यात कमकुवत जागेतून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या खालच्या रबरी कड्यांतून, ओ-रिंगांतून, बाहेर पडतं.

कॅप पूर्ण सैल करा, शाफ्ट अर्धा आत ठेवा, जास्तीचं तेल बाहेर येऊ द्या आणि मग शाफ्ट तसाच धरून कॅप आवळा. नंतर शाफ्ट पूर्ण आत गेला पाहिजे आणि सोडल्यावर साधारण अर्ध्यापर्यंत परत आला पाहिजे. दोन्ही बाजू अशाच करा.

निळी बग्गी
+१. फक्त एक भर घालते. भरताना शाफ्ट पूर्ण बाहेर ओढून शॉक उभा धरायचा, तेल काठाच्या २-३ मिमी खाली ठेवून पिस्टन (शाफ्टच्या आतल्या टोकाची छिद्रांची चकती) अगदी सावकाश वर-खाली करायचा. घाई केली तर पिस्टनच हवा तेलात घुसळतो. मग शॉक उभाच ठेवून वर कागद झाकायचा आणि किमान पंधरा मिनिटं विसरून जायचं. बुडबुडे पिस्टनच्या खालच्या अंगाला अडकून बसतात, ते वरून दिसत नाहीत. बॉडीला बोटाने टिचक्या मारल्या की सुटतात.

वळणावर
ब्लॅडरच्या फंदात कशाला पडता? इमल्शन कॅप लावा. ब्लॅडर नाही, कॅपला एक बारीक स्क्रू. शॉक भरायचा, स्क्रू काढून कॅप लावायची, शाफ्ट हव्या त्या जागी आणायचा, जास्तीचं तेल छिद्रातून बाहेर, स्क्रू बंद. ब्लॅडरची कड दुमडली, चिमटली, वरून गळलं, या सगळ्यातून सुटका. दोन वर्षं हेच वापरतोय.

तेलकट हात
वळणावर, इमल्शन वाईट नाही, पण नवख्याला मी ते आधी सुचवणार नाही. त्यात हवा मुद्दामच तेलात मिसळू द्यायची असते. गाडी उभी राहिली की हवा वेगळी होऊन वर जमते आणि पहिल्या काही दणक्यांना शॉक पोकळ लागतो. हे ज्याला माहीत नाही तो पुन्हा शॉक उघडून बसणार.

वळणावर
मान्य. म्हणून तर सुरुवातीआधी गाडी हाताने आठ-दहा वेळा दाबून घ्यायची. तेवढं केलं की शेवटपर्यंत एकसारखी चालते. ब्लॅडरवाल्यात थोडी जरी हवा शिरली तरी ती कधी पिस्टनच्या वर, कधी खाली. इमल्शनमध्ये निदान प्रत्येक शॉकमध्ये सारखी असते.

खटपट्या
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारतो. पिस्टन शाफ्टवर अडकवणारी ई-क्लिप बसवताना उडून जाऊ नये म्हणून कोण काय करतं? आजवर तीन गेल्या, त्यातली एक आठवड्याने चपलेत सापडली.

निळी बग्गी
खटपट्या, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून बसवा. उडाली तरी पिशवीतच राहते. मोठ्या, एक-अष्टमांश गाड्यांत पिस्टनला बहुधा छोटा नट असतो, तिथे हा त्रास नाही.

अर्धवर्तुळ
चपलेत सापडली! ती क्लिप आता शुभशकुन म्हणून जपून ठेवा.

जुनाजाणता
मुलांनो, तेल आणि ब्लॅडर बाजूला ठेवून आधी हे सांगा, की गळती नेमकी कुठून आहे? खालून म्हणताय, पण शॉक उलटा-सुलटा होत असतो, वरचं तेलही ओघळून खाली येतं. शॉक कोरडा पुसा, कॅपच्या जोडाभोवती टिपकागदाची पट्टी गुंडाळा आणि शाफ्ट वीस वेळा दाबा. कागद ओला झाला तर कॅप तिरकी चढली आहे किंवा ब्लॅडरची कड दुमडली आहे. कागद कोरडा राहिला तर खालच्या ओ-रिंगा.

१९८४ साली असोसिएटेड कंपनीची आरसी१० बग्गी आली तेव्हापासून मी हे करतोय. त्याआधी माझ्याकडे होत्या त्या गाड्यांत नुसती स्प्रिंग आणि घर्षण. गाडी उडीवरून उतरली की चेंडूसारखी उसळायची. तेलाचे शॉक पहिल्यांदा हातात आले तेव्हा शाफ्ट नुसता दाबत बसलो होतो, तो मऊ, सलग प्रतिकार बोटांना अजून आठवतो. तो जिथे अडखळतो तिथे दोष असतो. स्प्रिंग काढून शाफ्ट हळू दाबा आणि बोटांचं ऐका.

कच्चारस्ता
सर्वांचे आभार. जुनाजाणता काका, टिपकागद कोरडा राहिला, म्हणजे खालूनच. तेलकट हात यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ध्यावर धरून पुन्हा कॅप लावली. चांगलंच तेल बाहेर आलं! आता शाफ्ट पूर्ण आत जातो, अर्ध्यापर्यंत परत येतो. उजवा अगदी तसाच केला.

पण बातमी अर्धीच चांगली आहे. गळती कमी झाली, थांबली नाही. आणि मागचा भाग अजून तिरका उतरतो. मागची राइड हाइट (उभ्या गाडीची जमिनीपासूनची उंची) दोन्ही बाजूंना मोजली, सारखी आहे. स्प्रिंगच्या कॉलरही सारख्याच उंचीवर आहेत. म्हणजे जोडणी बरोबर असणार ना?

उतारू
मग पिस्टन बघा. छिद्रं कमी-जास्त असतील, किंवा एका बाजूला चुकून पुढचा पिस्टन बसला असेल.

तेलकट हात
हा मुद्दा चांगला आहे. साच्यातून निघालेल्या पिस्टनच्या कडेला प्लास्टिकचा टवका राहतो. तो धारदार पात्याने कापून १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच फिरवायचा, नाहीतर पिस्टन बॉडीला घासतो. छिद्रांच्या कडाही बघा.

छिद्रांचा विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकतो, कारण ४० वेटचा मोह इथूनच येतो. १.७ मिमीची दोन छिद्रं आणि १.४ मिमीची तीन छिद्रं, दोन्हींचं एकूण क्षेत्रफळ जवळपास सारखं, साडेचार चौरस मिमीच्या आसपास. तरी हातात धरून हळू दाबलं तर तीन छिद्रांचा पिस्टन कडक लागतो. सावकाश वाहणाऱ्या तेलाचा प्रवाह छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून बारीक छिद्राची शिक्षा फार मोठी. जोरात दणका बसला की मात्र प्रवाह खळबळतो आणि क्षेत्रफळच जास्त महत्त्वाचं ठरतं. आपल्याकडे ज्याला शॉक पॅक होणं म्हणतात ते हेच, तेल छिद्रांतून वेळेत निघत नाही आणि शॉक क्षणभर दगड होतो.

यातून काय घ्यायचं? खाचखळग्यांचा ट्रॅक असेल तर मोठी छिद्रं आणि जाड तेल. हळू हालचालीत तेच डॅम्पिंग (हालचालीला होणारा विरोध) मिळतं, पण मोठ्या दणक्यात शॉक गुदमरत नाही. सपाट ट्रॅकवर किंवा सलग मोठ्या उड्यांवर थोडं पॅक झालेलं उलट चांगलं, चासी जमिनीवर आपटत नाही. नुसतं तेल बदलत राहिलात तर या दोन गोष्टी एकमेकींत गुंततात आणि काय बदललं ते कळत नाही.

अर्धवर्तुळ
वाचनखूण साठवली. चौथा घात हे आज पहिल्यांदा कळलं.

खटपट्या
वेट आणि सेंटीस्टोक्स (तेलाच्या जाडपणाचं एकक) यांचा हिशेब कोणी सांगेल का? माझ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचं ३० वेट आहे. एक बाटली उघडच पातळ वाटते.

निळी बग्गी
वाटते, कारण तशीच असते. वेट हा आकडा प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटीस्टोक्स, ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३० याहून थोडं वेगळं निघू शकतं. मी आता बाटलीवर सेंटीस्टोक्स लिहिलेलं असेल तरच घेते, आणि एका गाडीत एकाच कंपनीचं तेल.

आणि हो, डिफचं तेलही सिलिकॉनचंच असतं, तशाच बाटलीत येतं. ५००० किंवा १०००० सेंटीस्टोक्सची बाटली चुकून शॉकमध्ये ओतलेली मी पाहिली आहे. शाफ्ट मधात बुडवल्यासारखा हलतो.

उतारू
मोटरसायकलच्या फोर्कचं तेल चालतं का? ते पण वेटमध्येच मिळतं.

जुनाजाणता
नको रे बाबा. ते पेट्रोलियमपासूनचं तेल. आपल्या शॉकमधल्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा आणि ब्लॅडर त्यात फुगून येतात आणि शाफ्ट जखडतो. साफ करतानाही हीच काळजी. ब्रेक क्लीनर किंवा तसलं काही फवारायचं तर फक्त धातूच्या बॉडीवर, रबर आधी बाजूला काढून. ओ-रिंगा कोऱ्या कापडाने पुसायच्या आणि पुन्हा शॉकचंच तेल लावून बसवायच्या.

वळणावर
काका, तुमच्या त्या 'बोटांचं ऐका'वरून आठवलं. कच्चारस्ता, डाव्या शॉकचा शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, कोरडा पुसा आणि दिव्याखाली नखाने वरून खालपर्यंत हळू ओढत न्या. नख कुठे अडकतंय का?

कच्चारस्ता
अडकतंय! खालच्या बाजूला, आयलेटच्या (शाफ्टच्या खालच्या टोकावर फिरवून बसवायच्या कडीच्या) वर साधारण ६ मिमीवर, एक आडवा चरा आहे. डोळ्याला जेमतेम दिसतो, नखाला लगेच लागतो.

आता आठवलं. आयलेट शाफ्टवर फिरवताना फार घट्ट जात होतं, म्हणून शाफ्ट साध्या पकडीने धरला होता. मध्ये कागद घातला होता, पण पकड एकदा सटकली. तेव्हा वाटलं काही झालं नाही.

वळणावर
मग गळतीचा चोर सापडला. प्रत्येक दणक्याला तो चरा ओ-रिंगमधून आत-बाहेर जातो. दर वेळी थोडं तेल बाहेर आणतो, धूळ आत नेतो आणि रिंग कापतो. आणि हेही बघा, तेल गेलं म्हणून हवा शिरली, हवा शिरली म्हणून पचपच झालं, ते घालवायला तुम्ही काठोकाठ भरलं आणि त्या दाबाने गळती आणखी वाढली.

शाफ्ट बदला. पॉलिश करून चरा घालवायच्या मागे लागू नका, तिथे शाफ्ट बारीक होतो आणि तिथूनच पाझरतो. सोबत दोन्ही ओ-रिंगाही नव्या. शाफ्टच्या आट्यांवर तेल लावल्याशिवाय तो ओ-रिंगांतून घालू नका, आट्यांची धार नवी रिंगही कापते. आणि धरायचा तर शाफ्टसाठी खाच असलेली पक्कड घ्या, किंवा निदान जाड रबराची पट्टी गुंडाळून, पिस्टनच्या अगदी जवळ धरा. तो भाग ओ-रिंगपर्यंत सहसा येत नाही.

निळी बग्गी
थांबा थांबा. पकड सटकली त्यानंतर आयलेट पूर्ण आत गेलं होतं का?

कच्चारस्ता
खरं सांगायचं तर तिथेच थांबलो होतो. वाटलं, बऱ्यापैकी गेलंय.

निळी बग्गी
मग दोन्ही मागचे शॉक गाडीवरून उतरवा, स्प्रिंग काढा, शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा आणि वरच्या भोकाच्या मध्यापासून आयलेटच्या मध्यापर्यंत व्हर्निअरने मोजा.

कच्चारस्ता
डावा उजव्यापेक्षा १.६ मिमी लांब.

पण ताई, मग राइड हाइट सारखी कशी आली?

निळी बग्गी
कारण गाडी जमिनीवर उभी असताना वजन स्प्रिंगवर असतं. स्प्रिंग वरून बॉडीवरच्या कॉलरला टेकते आणि खालून आयलेटवरच्या कपाला. आयलेट शाफ्टवर कमी चढलं काय, जास्त चढलं काय, कपापासून आयलेटचं अंतर बदलत नाही. म्हणून उंचीही तीच, कॉलरही तीच. फरक पडतो चाक हवेत लोंबकळताना. तिथे शाफ्ट शेवटपर्यंत बाहेर येतो आणि डावं चाक जास्त खाली लटकतं. उतरताना तेच आधी टेकतं. तिरकं उतरण्याचं कारण तुमच्या तेलात नव्हतंच.

मीसुद्धा माझ्या पहिल्या गाडीत फक्त राइड हाइट मोजत राहिले होते आणि अख्खा मोसम स्टिअरिंगचं ट्रिम फिरवण्यात घालवला. आता गाडीवर चढवण्याआधी शॉकची जोडी शेजारी-शेजारी ठेवून मोजते. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवत नाही.

जुनाजाणता
शाब्बास पोरी. एकदा पकड सटकली आणि त्यातून दोन दुखणी निघाली. मी गळतीपाशीच अडकून बसलो होतो, लांबीचं मला सुचलं नाही.

तेलकट हात
मलाही नाही. निळी बग्गी, मानलं.

कच्चारस्ता, नवा शाफ्ट घालताना आयलेट घट्ट जात असेल तर आधी तेवढ्याच आट्यांचा स्टीलचा स्क्रू आयलेटमध्ये फिरवून मार्ग करून घ्या. मग शाफ्ट हाताच्या थोड्या जोराने जाईल. आयलेटमधला बॉलही बघा. तो मोकळा फिरत नसेल तर शॉक वाकडा होऊन शाफ्ट ओ-रिंगवर एका बाजूने दाबला जातो.

कच्चारस्ता
नवा शाफ्ट आणि ओ-रिंगा बसवल्या. तेल तेच ३० वेट. दोन्ही मागच्या शॉकच्या लांबीत ०.१ मिमी फरक आहे. आज सलग चार बॅटऱ्या पळवल्या. शाफ्टवर तेलाचा अगदी पातळ पदर येतो, थेंब नाही. आणि उड्या! मागची दोन्ही चाकं एकदम टेकतात. पुन्हा पुन्हा उडवून बघत होतो.

४० वेटची बाटली अजून बंदच आहे.

वळणावर
पातळ पदर चांगलाच, त्यानेच ओ-रिंगला वंगण मिळतं. पूर्ण कोरडा शाफ्ट दिसला तर उलट काळजी करा.

खटपट्या
अभिनंदन! अवांतर: आमच्या गटात कोणी कोणी उन्हाळ्यात वेगळं तेल टाकतात. खरंच गरज असते का?

तेलकट हात
असते. बाटलीवरचा सेंटीस्टोक्सचा आकडा साधारण २५ अंश सेल्सिअसचा असतो. सिलिकॉन तेल इतर तेलांपेक्षा बरंच स्थिर, तरी ४० अंशांना त्याचा जाडपणा चतुर्थांशाने कमी होतो. ३५० चं २६० च्या आसपास. म्हणजे ३० वेट २५ वेटसारखं वागायला लागतं. ४० वेटची बाटली अशा वेळी कामाला येते, चारही शॉकमध्ये.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. सिलिकॉन तेल तापलं की फुगतं, अंशाला साधारण ०.१ टक्का. शॉकमध्ये साडेचार मिली तेल असेल आणि २० अंशांचं ४० झालं तर जवळजवळ ०.०९ मिली वाढ. शाफ्टला हवी असलेली एकूण जागाच ०.२ मिली, त्यातली अर्धी अशी जाते. थंड खोलीत नीट भरलेला शॉक उन्हात कडक का होतो, ते यामुळे. गाडी जिथे पळवायची तिथल्या हवेत अर्धा तास ठेवून मग कॅप उघडून रिबाउंड, म्हणजे शाफ्ट किती परत येतो ते, पुन्हा लावा.

कच्चारस्ता
मी रात्री थंडीत भरतो आणि दुपारी पळवतो. उद्या शॉक उन्हात ठेवून चारही कॅपा पुन्हा लावतो.

निळी बग्गी
उघडताना गाडीवरून उतरवून घ्या, आणि बंद केल्यावर लांबी पुन्हा एकदा मोजा.